पाठभेद आणि पक्षभेद : पहिल्या इंटरनॅशनलच्या नियमावलीतील एका वाक्यांशाचा इतिहास

१

संस्था फुटतात तेव्हा त्यांच्या कागदपत्रांचे वाचन नव्याने सुरू होते. जोपर्यंत एकोपा असतो तोपर्यंत घटनेचा मसुदा कपाटात पडून असतो. तंटा उपस्थित झाला म्हणजे त्यातील एकेका शब्दाला वजन येते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात न आलेला पाठभेद एकाएकी साक्षीदार म्हणून पुढे केला जातो. १८६४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘पहिली इंटरनॅशनल’ या नावाने इतिहासात रूढ झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्या संघाच्या नियमावलीच्या प्रस्तावनेत इंग्रजी भाषेत तीन लहान शब्द होते, ‘अ‍ॅज अ मीन्स’, म्हणजे ‘साधन म्हणून’. पॅरिसमध्ये झालेल्या पहिल्या फ्रेंच भाषांतरात हे शब्द गळले. पुढे १८७० ते १८७२ या काळात संघात जी फूट पडली तिच्या वादात या गळलेल्या शब्दांना फार मोठे स्थान मिळाले.

इंटरनॅशनलच्या फुटीचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारे सांगितला जातो. एक प्रकार व्यक्तींचा : मार्क्स आणि बाकुनिन या दोन प्रबळ पुरुषांचा संघर्ष. दुसरा प्रकार सिद्धान्तांचा : राज्यसत्ता हस्तगत करू पाहणारा समाजवाद आणि राज्यसंस्थाच नाकारणारा अराज्यवाद यांचा विरोध. या दोन्ही मांडण्यांत तथ्य आहे. तथापि एक संघ, अनेक भाषा आणि एकाच नियमावलीचे एकमेकांशी न जुळणारे पाठ ही तिसरी बाजू बहुधा तळटीपेपुरतीच राहते. प्रस्तुत निबंधात त्या बाजूचा विचार केला आहे. पाठभेदामुळे फूट पडली काय, आणि पडली नसेल तर पाठभेदाचे कार्य नेमके कोणते होते, हे दोन प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

२

१८६४ च्या आधीची काही वर्षे लक्षात घेतल्याखेरीज या संघाचे स्वरूप कळत नाही. लंडनमध्ये १८५९-६० साली इमारतकाम करणाऱ्या कामगारांचा मोठा लढा झाला व त्यातून १८६० मध्ये लंडन ट्रेड्स कौन्सिल उभे राहिले. संप झाला की मालकवर्ग युरोप खंडातून स्वस्त मजूर आणवितो, हा इंग्रज कामगारांचा कटू अनुभव होता. परदेशी कामगारांशी संबंध जोडण्याची त्यांना वाटलेली निकड या व्यावहारिक अडचणीतून निर्माण झाली होती. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला तिसऱ्या नेपोलियनच्या संमतीने फ्रेंच कामगारांचे शिष्टमंडळ आले आणि ओळखी झाल्या. १८६३ मध्ये पोलंडात रशियाविरुद्ध उठाव झाला. त्याला पाठिंबा देण्यासाठी त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनला सभा भरली व तीत फ्रेंच प्रतिनिधीही होते. त्यानंतर इंग्रज कामगारांच्या वतीने जॉर्ज ऑजर या चर्मकाराने फ्रेंच कामगारांना उद्देशून एक निवेदन लिहिले. त्याचे उत्तर घेऊन तोलँ आणि त्याचे सहकारी लंडनला आले, तेव्हा २८ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट मार्टिन्स हॉलमध्ये जी सभा झाली तीच इंटरनॅशनलची स्थापना होय. अध्यक्षस्थानी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील इतिहासाचे प्राध्यापक बीझ्ली होते. व्यासपीठावर कार्ल मार्क्सही होते, परंतु त्या सभेत ते बोलले नाहीत.

नियमावली तयार करण्याचे काम एका उपसमितीकडे गेले. तिच्यापुढे आलेले मसुदे पाहिले म्हणजे या संघात किती निरनिराळे प्रवाह एकत्र आले होते याची कल्पना येते. मॅझिनीचा सहकारी वोल्फ याने इटालियन कामगार संस्थांचे नियम पुढे केले, ओवेनचा अनुयायी वेस्टन याने आपला कार्यक्रम लिहिला आणि लंडनवासी फ्रेंच गृहस्थ ल ल्यूबे याने आणखी एक मसुदा सादर केला. अखेर सर्व कागद मार्क्स यांच्या हाती आले. त्यांनी उद्घाटनपर निवेदन स्वतंत्रपणे लिहिले, चाळीस नियमांचे दहा केले आणि प्रस्तावना नव्याने रचली. ४ नोव्हेंबर १८६४ रोजी एंगल्सला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट कबुली दिली आहे की, सत्य, नीती, न्याय, हक्क व कर्तव्य यांविषयीचे काही शब्द आपल्याला घालावे लागले. मात्र ते अपाय करणार नाहीत अशा जागी ठेवले आहेत. म्हणजे मूळ इंग्रजी पाठच मुळात तडजोडीचा होता. त्यातील प्रत्येक शब्द कोणाला तरी सांभाळून घेण्यासाठी किंवा कोणाला तरी थोपविण्यासाठी बसविलेला होता. अशा मसुद्यातील एखादा शब्द भाषांतरात हलला तर तडजोडीचा तोल ढळणे अपरिहार्य होते.

या प्रस्तावनेचा आशय थोडक्यात असा : कामगारवर्गाची मुक्ती कामगारवर्गानेच मिळवावयाची आहे, तिच्यासाठीचा झगडा नव्या वर्गीय सवलतींसाठी नसून समान हक्क, समान कर्तव्ये आणि सर्व वर्गसत्तेचा अंत यांसाठी आहे, श्रमाची साधने, म्हणजेच जीवनाचे उगम, ज्यांनी आपल्या मक्त्यात घेतले त्यांच्यापुढे श्रमिकाला पत्करावी लागणारी आर्थिक अधीनता हे सर्व गुलामीचे मूळ आहे, म्हणून आर्थिक मुक्ती हे महान साध्य होय आणि प्रत्येक राजकीय चळवळ साधन म्हणून तिच्या अधीन असली पाहिजे.

३

पॅरिसच्या शाखेने ही नियमावली फ्रेंचमध्ये आणली. शाखेचे पुढारी तोलँ व फ्रिबूर हे प्रूदाँच्या विचारांत वाढलेले कारागीर होते. तोलँ ब्राँझच्या वस्तूंवर कोरीव काम करी, तर फ्रिबूर नक्षी कोरणारा होता. त्यांच्या भाषांतराची इंग्रजी पाठाशी तुलना केली असता तीन महत्त्वाचे भेद दिसतात. १ जानेवारी १८७० रोजी लंडनच्या जनरल कौन्सिलने स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषिक फेडरेशनला पाठविलेल्या खाजगी परिपत्रकात हे तिन्ही भेद नोंदविलेले आहेत.

पहिला भेद असा की, समान हक्क व कर्तव्यांचा उल्लेख राहिला, परंतु सर्व वर्गसत्तेचा अंत हे शब्द गेले. दुसरा, ‘श्रमाची साधने, म्हणजेच जीवनाचे उगम’ या पदसमूहाऐवजी ‘भांडवल’ हा एकच शब्द आला. तिसरा, राजकीय चळवळीसंबंधीच्या वाक्यातून ‘साधन म्हणून’ हे शब्द निघाले.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला येथे पहिला प्रश्न पडतो तो हेतूचा. गळलेला शब्द लेखकाच्या अनवधानाने गळला, भीतीने गळला की मताभिनिवेशाने गळला? जनरल कौन्सिलने विचारणा केली तेव्हा पॅरिस समितीने आपल्या राजकीय परिस्थितीची अडचण पुढे केली होती. ही सबब पोकळ म्हणता येत नाही. २५ मे १८६४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये संपाला मुभा मिळाली होती, तरी वीसपेक्षा अधिक माणसांच्या संघटनेला सरकारची परवानगी लागे असे दंडसंहितेचे २९१ वे कलम कायम होते. राजकारणाचे उघड नाव घेणारी, तीही परदेशात मुख्य ठाणे असलेली संघटना बादशाही पोलिसांच्या डोळ्यांत सलल्यावाचून राहिली नसती. १८६८ मध्ये पॅरिस समितीवर खटले भरले जाऊन ती बरखास्त झाली, यावरून ही भीती अनाठायी नव्हती हे दिसते. शिवाय तोलँ हा राजकारणाचा सर्वस्वी विरोधक नव्हता. फेब्रुवारी १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘साठ जणांच्या जाहीरनाम्या’ने कामगारांनी स्वतःचे उमेदवार निवडून पाठवावेत असा आग्रह धरला होता, आणि त्या निवडणुकीत तोलँ स्वतः उमेदवार होता. मतदानापासून अलिप्त राहण्याचा उपदेश प्रूदाँने केला तो या जाहीरनाम्याला उत्तर देतानाच होय.

म्हणून तिसऱ्या भेदाच्या बाबतीत पॅरिसकरांचे स्पष्टीकरण ग्राह्य धरण्यास हरकत नाही. पहिल्या भेदाच्या बाबतीतही ते कदाचित चालेल. परंतु दुसऱ्या भेदाला ते मुळीच लागू पडत नाही. ‘श्रमाची साधने’ या शब्दांपेक्षा ‘भांडवल’ हा शब्द पोलिसांना अधिक निरुपद्रवी वाटला असता असे मानण्यास काही आधार नाही. येथे विचारपद्धतीच निराळी आहे. ‘श्रमाची साधने’ म्हटले की त्यात जमीन येते, खाणी येतात. ‘भांडवल’ म्हटले की प्रूदाँच्या अनुयायाच्या डोळ्यांपुढे व्याज, पतपेढी आणि विनिमय उभे राहतात. लहान शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच राहावी व कारागिराला बिनव्याजी पत मिळावी, हा त्यांचा आदर्श होता. १८६८ च्या ब्रुसेल्स अधिवेशनात जमीन, खाणी व लोहमार्ग यांच्या सामाजिक मालकीचा ठराव आला तेव्हा तोलँ व त्याचे सहकारी त्याच्या विरोधात उभे राहिले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एकाच भाषांतरातील तीन भेदांची कारणे अशा रीतीने निरनिराळी संभवतात, आणि सर्वांवर एकच हेतू लादणे हे चिकित्सेच्या दृष्टीने सदोष ठरते.

४

तिसऱ्या भेदाचे व्याकरण थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. कारण पुढील सगळा वाद त्यावर उभारला गेला. ‘अधीन असणे’ या क्रियेला दोन अर्थच्छटा आहेत. एक दर्जाची : अमुक गोष्ट दुय्यम आहे, तिच्यावाचून चालू शकेल. दुसरी विनियोगाची : अमुक गोष्ट दुसऱ्या गोष्टीसाठी वापरावयाची आहे. ‘साधन म्हणून’ हे पद या दोहोंपैकी दुसरी छटा निश्चित करते. साधन हे साध्याहून कनिष्ठ खरे, परंतु साध्य हवे असेल तर साधन टाकून देता येत नाही. ते पद काढले की पहिली छटा मोकळी होते आणि राजकीय चळवळ ही गौण बाब आहे, आर्थिक चळवळीपुढे ती बाजूला ठेवावी, असा अर्थ सुलभतेने निघतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या अखंड राहते. त्यात काही उणे आहे अशी शंकाही वाचकाला येत नाही. म्हणूनच असा पाठभेद वर्षानुवर्षे खपून जातो.

तो खपून गेला याचे आणखी एक कारण असे की, १८६६ ते १८६९ या काळात इंटरनॅशनलचे खरे कार्य नियमावलीच्या वाचनाने चाललेच नव्हते. ते संपांच्या साह्याने चालले होते. १८६७ च्या आरंभी पॅरिसच्या ब्राँझ कामगारांना कामबंदीला तोंड द्यावे लागले, तेव्हा लंडनच्या युनियनांकडून त्यांना आर्थिक मदत मिळाली व मालकांना नमते घ्यावे लागले. १८६८ च्या वसंतात जिनीव्हाच्या इमारत कामगारांच्या संपालाही बाहेरून मदत आली आणि स्वित्झर्लंडमध्ये संघाची सभासदसंख्या झपाट्याने वाढली. सामान्य सभासदाच्या दृष्टीने संघ म्हणजे संकटकाळी परदेशातून येणारी मदत होय. प्रस्तावनेतील वाक्यरचनेची चिंता त्याने करावी असे काही कारण नव्हते.

अधिवेशनांतही वातावरण लवचीक होते. १८६६ च्या जिनीव्हा अधिवेशनात नियमावली कायम झाली व आठ तासांच्या दिवसाची मागणी मान्य झाली. केवळ हाताने श्रम करणाऱ्यांनाच प्रतिनिधी होता यावे ही फ्रेंच प्रतिनिधींची सूचना क्रेमर व कार्टर या इंग्रज प्रतिनिधींच्या विरोधामुळे फेटाळली गेली. १८६७ च्या लोझान अधिवेशनाने तर कामगारांची सामाजिक मुक्ती त्यांच्या राजकीय मुक्तीपासून वेगळी करता येत नाही असे जाहीर केले. त्या ठरावाला फ्रेंच भाषिकांचीही संमती होती. म्हणजे ज्यांच्या हातातील पुस्तिकेत ‘साधन म्हणून’ हे शब्द नव्हते त्यांनीही १८६७ मध्ये राजकारण त्याज्य मानले नव्हते.

शब्दांवरून होणारे मतभेद सामोपचाराने मिटू शकत होते याचे एक उत्तम उदाहरण १८६९ च्या मार्च महिन्यातील आहे. बाकुनिन यांच्या ‘अलायन्स’ या संघटनेने इंटरनॅशनलमध्ये प्रवेश मागितला. तिच्या कार्यक्रमात ‘वर्गांचे समानीकरण’ असे शब्द होते. जनरल कौन्सिलने ९ मार्चच्या पत्रात दाखवून दिले की, या शब्दांचा वाच्यार्थ घेतला तर भांडवल आणि श्रम यांचा सलोखा असा अर्थ होतो, आणि तो तर भांडवलदारांच्या कैवाऱ्यांचाच उपदेश आहे. संघाचे ध्येय वर्गांचे समानीकरण हे नसून वर्गांचे निर्मूलन हे आहे. कार्यक्रमातील संदर्भ पाहता हा लेखणीचा प्रमाद असावा. अलायन्सने ती दुरुस्ती स्वीकारली. दोन्ही बाजूंच्या मनात परस्परांविषयी संशय असूनही एका शब्दाचा प्रश्न पत्रव्यवहाराने सुटला. एका वर्षाने हे शक्य राहिले नाही.

५

त्या वर्षात काय बदलले? सप्टेंबर १८६९ च्या बाझेल अधिवेशनात बाकुनिन प्रथमच उपस्थित राहिले. जमिनीच्या सामूहिक मालकीचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला, परंतु वारसाहक्काच्या प्रश्नावर जनरल कौन्सिलचा अहवाल बहुमत मिळवू शकला नाही. स्वित्झर्लंडमध्ये दोन वृत्ती स्पष्टपणे समोरासमोर आल्या. जिनीव्हाच्या घड्याळ व जवाहीर धंद्यातील कुशल कामगारांना मताधिकार होता. स्थानिक निवडणुकांत भाग घेणे त्यांना स्वाभाविक वाटे. जुरा पर्वतातील घड्याळ कारागीर घरोघरी विखुरलेले होते. तेथील राजकीय पुढाऱ्यांशी केलेल्या सहकार्याचा त्यांना कडवट अनुभव आला होता. एप्रिल १८७० मध्ये ला शो-द-फाँ येथे फ्रेंच भाषिक फेडरेशनची सभा भरली व जिनीव्हातील अलायन्स शाखेला प्रवेश द्यावा की नाही या प्रश्नावर २१ विरुद्ध १८ मतांनी दोन तट पडले. बहुमताच्या गटाने मध्यमवर्गीय राजकारणातील कामगारांच्या सहभागाचा निषेध करणारा ठराव केला. अल्पमताच्या गटाने नेमका उलट ठराव केला. आणि दोन्ही गट नियमावलीची साक्ष काढू लागले.

या क्षणापासून पाठभेद जागा झाला. १ जानेवारी १८७० च्या परिपत्रकात त्याची चर्चा आधीच झाली होती. आता ती संघटनेच्या अस्तित्वाशी येऊन भिडली. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून उदयास आले व मे महिन्याच्या अखेरीस रक्तात बुडविले गेले. कम्यूनचा निःसंदिग्ध पुरस्कार करणारे जनरल कौन्सिलचे निवेदन प्रसिद्ध झाले, तेव्हा ऑजर व लुक्राफ्ट हे इंग्रज सभासद कौन्सिलमधून बाहेर पडले. युरोपातील सरकारे संघाच्या मागे लागली होती. सार्वजनिक अधिवेशन भरविणे दुरापास्त झाले होते. या परिस्थितीत १७ ते २३ सप्टेंबर १८७१ या दिवसांत लंडन येथे खाजगी परिषद घेण्यात आली. तिचा नववा ठराव राजकीय कृतीविषयी आहे. त्याच्या आरंभी प्रस्तावनेतील ते वाक्य संपूर्ण उद्धृत केलेले आहे, त्यानंतर उद्घाटनपर निवेदनाचा व लोझानच्या ठरावाचा आधार दिला आहे, आणि मूळ नियमांच्या चुकीच्या भाषांतरांमुळे चुकीचे अर्थ लावले गेले व त्यामुळे संघाच्या वाढीला अपाय झाला, असे नमूद केलेले आहे. शेवटी कामगारवर्गाने सर्व जुन्या पक्षांहून वेगळा स्वतःचा राजकीय पक्ष उभारला पाहिजे असा निष्कर्ष काढला आहे. नियमावलीची अधिकृत आवृत्ती इंग्रजी, फ्रेंच व जर्मन भाषांत काढण्याचेही ठरले आणि पुढील काही महिन्यांत ती निघाली.

जुरा पक्षाने याला दिलेले उत्तर पाठचिकित्सेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जेम्स गियोम यांचे म्हणणे असे की, १८६४ ची नियमावली तात्पुरती होती. कायम नियमावली १८६६ च्या जिनीव्हा अधिवेशनाने मंजूर केली, आणि तेथे फ्रेंच भाषिक प्रतिनिधींपुढे जो फ्रेंच पाठ होता त्यात हे शब्द नव्हते. मग ज्या पाठाला प्रतिनिधींनी हात वर केले तो प्रमाण, की ज्या पाठावरून त्याचे भाषांतर झाले तो प्रमाण? लंडनचे उत्तर सरळ होते : मूळ इंग्रजीच प्रमाण. परंतु गियोम यांचा प्रश्न हास्यास्पद ठरवून टाकण्याजोगा नाही. बहुभाषिक संस्थेत संमतीचा पाठ आणि मूळचा पाठ हे भिन्न असू शकतात. तेथे कोणता मानावयाचा याचा नियम आधीच केलेला नसेल, तर तंटा उपस्थित झाल्यावर केलेला नियम एका पक्षाचाच नियम दिसतो.

सप्टेंबर १८७२ मध्ये हेग येथे अधिवेशन भरले. लंडनच्या नवव्या ठरावाचा सारांश नियमावलीत नवे कलम म्हणून घातला गेला, बाकुनिन व गियोम यांना संघातून काढण्यात आले आणि जनरल कौन्सिलचे ठाणे न्यूयॉर्कला हलविण्याचे ठरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत विरोधकांनी सँत-इमिए येथे आपली सभा घेतली. मूळ संघाचे विसर्जन १८७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथे झाले.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. फूट पाठभेदाने घडविली काय? याची कसोटी घेण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. कोणाच्या हाती कोणता पाठ होता आणि १८७२ मध्ये कोण कोणत्या बाजूला गेले, हे ताडून पाहावे. पाठ हे कारण असेल तर दोन्ही नकाशे जुळले पाहिजेत.

ते जुळत नाहीत. जिनीव्हाच्या शाखांमध्ये आणि जुराच्या शाखांमध्ये एकाच प्रकारचा फ्रेंच पाठ प्रचारात होता. तरी जिनीव्हा लंडनच्या बाजूला राहिली व जुरा विरोधात गेला. ब्रुसेल्समध्ये शार्ल लाँगे यांच्या संपादनाखालील ‘ल रीव गोश’ या नियतकालिकाने १८६६ सालीच मूळाबरहुकूम भाषांतर छापले होते. म्हणजे शुद्ध पाठ बेल्जियममध्ये सहा वर्षे उपलब्ध होता. तथापि १८७२ च्या डिसेंबरमध्ये बेल्जियन फेडरेशनने हेगचे निर्णय अमान्य केले. पॅरिसमधील वार्लँ व त्याची पिढी ‘भांडवल’ हा शब्द असलेल्याच नियमावलीवर वाढली होती, पण बाझेलमध्ये तिने जमिनीच्या सामूहिक मालकीचा पक्ष घेतला. इंग्रज सभासदांच्या हाती तर मूळ पाठच होता. त्यात ‘साधन म्हणून’ हे शब्द ठळकपणे होते. तरी त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतंत्र कामगारपक्ष काढण्याऐवजी लिबरल पक्षाच्या आश्रयाने राजकारण केले. स्पेनचे उदाहरण वरवर पाहता पाठाच्या बाजूचे वाटते. परंतु तेथे १८६८ च्या अखेरीस फानेल्ली याने इंटरनॅशनलचे नियम आणि अलायन्सचा कार्यक्रम हे दोन्ही एकदमच नेले होते. त्यामुळे तेथे पाठाचा परिणाम कोणता व प्रचाराचा कोणता हे निवडून काढता येत नाही.

शिवाय मूळ पाठ जरी सर्वांच्या हाती असता तरी वाद मिटला असता असे नाही. साधन म्हणजे कोणते साधन? प्रचलित राज्याच्या विधिमंडळात शिरणे, की ते राज्य मोडून काढणे? दोन्ही कृती राजकीयच आहेत, आणि दोन्ही आर्थिक मुक्तीच्या अधीन मानता येतात. १८६४ च्या वाक्याने याचे उत्तर दिलेले नव्हते. तडजोडीच्या मसुद्यात ते देता येण्यासारखेही नव्हते. वाक्य स्वतःपुरते स्पष्ट असते तर १८७१ चा नववा ठराव आणि १८७२ चे नवे कलम यांची गरजच उरली नसती. चुकीच्या भाषांतरामुळे चुकीचे अर्थ निघाले या विधानात सत्य आहे. परंतु शुद्ध भाषांतराने एकच अर्थ निघाला असता हे त्यातील गृहीत टिकत नाही.

मग पाठभेदाचे कार्य कोणते? त्याने मतभेद निर्माण केला नाही, मतभेदाला प्रामाण्य दिले. घड्याळ कारागिरांचा निवडणुकांविषयीचा वीट त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला होता. पण ‘आम्ही संघाच्या मूळ घटनेशी एकनिष्ठ आहोत, लंडननेच ती बदलली’ असे ते निर्धास्त मनाने म्हणू शकले ते हातातील पुस्तिकेमुळे. त्याच न्यायाने, ‘आम्ही नवे काही सांगत नाही, मूळ वाक्याचाच खुलासा करीत आहोत’ असे लंडनला म्हणता आले तेही पाठभेदामुळेच. वास्तविक १८७१ मध्ये नवे सांगितले जात होते : स्वतंत्र पक्षाची कल्पना १८६४ च्या नियमांत नव्हती. पाठभेदाच्या आडोशामुळे ही नवी गोष्ट जुन्या वाक्याचा अर्थ म्हणून मांडता आली. त्यामुळे दोन्ही पक्षांना समोरचा पक्ष भिन्न मताचा न दिसता करारभंग करणारा दिसू लागला. भिन्न मताशी तडजोड होऊ शकते, पण करारभंगाला बहिष्काराचीच शिक्षा सुचते. १८६९ मध्ये ‘समानीकरणा’चे ‘निर्मूलन’ होऊ शकले आणि १८७२ मध्ये दोन पाठ शेजारी ठेवून बसता आले नाही, यातील अंतर हेच होय.

७

या इतिहासाचा भारताशी असलेला संबंध अगदी पुसट, पण खरा आहे. १५ ऑगस्ट १८७१ रोजी झालेल्या जनरल कौन्सिलच्या बैठकीच्या इतिवृत्तात कलकत्त्याहून आलेल्या एका पत्राची नोंद आहे. पत्रलेखकाने भारतात शाखा काढण्याचे अधिकार मागितले होते. कौन्सिलने शाखा काढण्याचा सल्ला दिला, ती स्वतःच्या खर्चावर चालली पाहिजे असे कळविले आणि तिच्यात एतद्देशीयांना सभासद करून घेण्याच्या आवश्यकतेवर भर दिला. त्या सूचनेतून उघडच दिसते की, पत्रलेखकाच्या मनातील शाखा युरोपीय रहिवाशांची होण्याचा संभव कौन्सिलला जाणवला होता. लंडन परिषदेला तेव्हा अवघा एक महिना उरला होता. ज्या संघाकडे कलकत्त्याने शाखेचे अधिकार मागितले, त्याच संघात कोणती नियमावली खरी याचा निर्णय व्हावयाचा होता.

मराठीत ही प्रस्तावना आणू पाहणाऱ्या भाषांतरकारापुढे आजही तोच पेच उभा राहतो. राजकीय चळवळ आर्थिक मुक्तीच्या ‘अधीन’ म्हणावे, ‘दुय्यम’ म्हणावे की ‘गौण’? ‘गौण’ म्हटले तर ‘साधन म्हणून’ हे शब्द कायम ठेवूनही पॅरिसचाच अर्थ मराठीत उतरतो. ‘मुक्ती’ म्हणावे तर त्या शब्दामागे मोक्षकल्पनेची शतकानुशतकांची छाया आहे. उलटपक्षी ‘साध्य’ आणि ‘साधन’ ही जोडी मराठीत इतकी मुरलेली आहे की, मूळ इंग्रजीत तीन लहान शब्दांवर जो भार पडला तो मराठीत एका समासाला सहज पेलता यावा. शब्दाची निवड ही अशा ठिकाणी शैलीची बाब राहत नाही. ती निवड करणारा कळत-नकळत एका जुन्या वादात कौल देत असतो.

१८८९ साली पॅरिसमध्ये नवी आंतरराष्ट्रीय चळवळ उभी राहिली, आणि १८९६ च्या लंडन अधिवेशनापर्यंत राजकीय कृती न मानणाऱ्यांना तिची दारे बंद झाली. तो निर्णय मताच्या आधारावर उघडपणे घेतला गेला. त्यासाठी कोणत्याही जुन्या वाक्याचा आश्रय घ्यावा लागला नाही. पहिल्या इंटरनॅशनलच्या सभासदांपुढेही प्रश्न तोच होता. मात्र तो मतांचा प्रश्न म्हणून मांडण्याऐवजी त्यांनी पाठाचा प्रश्न म्हणून मांडला, आणि पाठ शुद्ध झाला तेव्हा संघ उरला नव्हता.